फळीवरचे उंदीर

उंदराचा मागचा पाय घसरला, तसं गुणवंतरावांनी खाली हात धरून त्याला अलगद झेललं.

“हळू रे राजा,” ते पुटपुटले आणि त्याला पुन्हा अरुंद फळीच्या टोकाशी ठेवलं.

शहाऐंशी सालचा मार्च होता. चंद्रपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गुणवंतरावांची पीएचडी या फळीवर अडली होती. पिल्लं असतानाच औषध टोचून चंचल केलेले हे उंदीर. त्यांचे पायही धड पडत नाहीत, हे दाखवायचं होतं. चंचल मुलांचंही असंच असतं, त्यांच्या हातून सांडलवंड होते ती मेंदूमुळे, मस्तीमुळे नव्हे, असं त्यांनी प्रबंधात मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं.

दारात त्यांची बायको वच्छला उभी होती, आठ वर्षांच्या चंदाचा हात धरून. प्रयोग चालू असला की ती कधी आत येत नसे. आज सरळ आत आली.

“मास्तरानं घरी धाडलं हिले. शाई सांडली म्हणून छडीनं मारलं. म्हणते, उद्यापासून पाठवूच नका.” तिने पोरीचा सुजलेला तळवा उघडून दाखवला. “तुमी चाला ना शाळेत. सांगा त्यायले, पोरगी मस्ती नाई करत म्हणून. तुमाले तं सारं मालूम आहे.”

गुणवंतराव तळव्याकडे बघेनात. वस्तीतले पहिले प्रोफेसर ते. पोरं शाळेतून काढू नका, असं दरवर्षी जयंतीच्या मंडपात तेच घसा फोडून सांगत. आता आपल्याच पोरीच्या डोक्यात काही कमी आहे, हे आपल्याच तोंडानं मास्तरला सांगायचं? नुसत्या विचारानंच त्यांचे कान तापले.

“ते उंदरांवरचं आहे,” ते म्हणाले. “माणसाचं अजून सिद्ध व्हायचं आहे.”

उंदीर पुन्हा घसरला. त्यांनी पुन्हा झेलला, पाठीवरून बोट फिरवलं.

“बाबा, तो सारखा पडते,” चंदा म्हणाली. “तुमी त्याले मारत काऊन नाई?”

“मारलं की घाबरतो तो. घाबरला की आणखीनच पडतो. सारे आकडे बिघडतात माझे.”

सकाळीच दूध सांडलं म्हणून त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. चंदा त्यांच्या हाताकडे बघत राहिली, मग आईच्या मागे सरकली.

वच्छलाला संताप आला, आणि रडूही. तिने पदर खोचला.

“घाबरला का आनखी पडते. हेच सांगीन मी मास्तरले. मीच जाईन.”

“जा. पण तिथं माझं नाव नको घेऊ.”

“नाई घेत,” पोरीला घेऊन दाराशी पोचलेली वच्छला म्हणाली. “उंदराचंच घेईन.”