काळ्या गाडीची दृष्ट

कुमारच्या काळ्या गाडीला दृष्ट लागलीय, ह्यावर बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या त्याच्या गल्लीचं एकमत होतं. कुणाची लागलीय, ह्यावर मात्र घरोघरी वेगळं नाव निघायचं. मंगलला खरं नाव बरोब्बर ठाऊक होतं आणि ती ते कुणाला सांगणार नव्हती, कारण ते तिचंच होतं. आणि गंमत बघा, दर अमावास्येला गाडीची दृष्ट काढायचं काम घरातल्यांनी तिच्याच गळ्यात घातलं होतं.

कुमार तिचा धाकटा दीर. मंगल लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा तो एका हातानं चड्डी सावरत शाळेला जायचा. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून ते परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. एकदा ती त्याला घेऊन निपाणीकडं माहेरी, अक्कोळला निघाली होती. एस्टीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंत दोघं उभी. तवंदीच्या घाटात वळणावळणाला तो तिच्या पदराला लोंबकळत होता आणि मधेच म्हणाला, "वहिनी, मी मोठा झालो की गाडी घेणार. तू पुढं बसायचं. खिडकीजवळ."

पोरं बोलतात आणि विसरतात. बायका ऐकतात आणि लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवतात. ते मुरत जातं.

पोरगा मोठा झाला. मच्छ्याच्या इंडस्ट्रियलमध्ये त्यानं स्वतःचं लेथवरच्या टर्निंगचं शेड टाकलं, मशिनी वाढल्या, आणि एक दिवस पुण्याच्या कुणा डॉक्टरनं वापरलेली लांबलचक जर्मन गाडी घेऊन तो घरी आला. निपाणीला चहाला थांबला तिथनंच फोन, "वहिनी, आरतीचं ताट करून ठेव!"

मंगलचा नवरा परशराम शेतीवाला माणूस. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला हात लावून बघितला.

"वापरलेली व्हय रं?"

"व्हय अण्णा. नवी घेणं आपल्याला परवडत न्हाय."

"मग काय झालं? म्हस पण दुसऱ्या वेताचीच घ्यावी. पहिलारू लाथा मारतीया."

सगळे हसले. मंगलनं चाकांना पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग कुमार म्हणाला, "चला, मारुतीला जाऊन येऊ," आणि मंगलनं हात पुसत पुढच्या दाराकडं पाऊल टाकलं. एकच पाऊल. तेवढ्यात माधवी, तिची धाकटी जाऊ, ते दार उघडून आत बसलीसुद्धा. तिचा दोष नव्हता. नवऱ्याची गाडी, नवऱ्याशेजारची जागा. बेळगावात, टिळकवाडीत वाढलेल्या पोरीला दुसरीकडं बसायचं सुचणार तरी कसं? आणि कुमार? तो आरशातनं मागं बघत म्हणाला, "वहिनी, नीट बसलीस न्हवं?"

मागं, मधे. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नारळाची पिशवी.

त्यावर आणखी एक. गाडी बुटकी. गल्लीत पोरांनी आपल्या हातानं सिमेंट ओतून केलेले हंप, एकेक म्हशीच्या पाठीएवढा. पहिल्याच हंपावर गाडीचं पोट असं खरडलं की कुमारच्याच पोटात सुरी फिरल्यासारखं त्याचं तोंड झालं. "मागचे जरा उतरा," तो म्हणाला, "वजन कमी झालं की जातीया." मागचे उतरले. गाडी तिरकी होऊन अलगद पलीकडं गेली. मागचे चालत जाऊन परत बसले. पुढच्या हंपावर परत, "मागचे उतरा." हमरस्ता लागेपर्यंत हेच. पुढचे कुणी उतरत नव्हते. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या आणि मंगल नव्या लुगड्याच्या निऱ्या धरून गाडीच्या मागनं चालत होती, वरातीतल्या बँडवाल्यासारखी.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गाडीला सावली पाहिजे होती. उन्हानं रंग जातो म्हणे. मग चंद्रीला, मंगलच्या म्हशीला, गोठ्यातनं काढून ताडपत्रीखाली बांधलं आणि गोठ्यात गाडी घातली. चंद्रीनं दोन दिवस दूध चोरलं. मंगल तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "गप गं बाई. तुझी जागा गेली, माझी तर मिळालीच नव्हती."

गाडीचे नखरे मोठे. साधं फडकं चालत नाही, मऊ पाहिजे. साधं तेल चालत नाही, लांबनं येतं. दार आपटायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही. मंगलनं तिला मनातल्या मनात नाव ठेवलं होतं, तिसरी जाऊ.

मग एकदा चाक पंक्चर झालं, एकदा दाराला ओरखडा आला, एकदा स्टिअरिंगसमोर कसलातरी पिवळा दिवा लागला तो विझेना. माधवी संध्याकाळी मंगलच्या चुलीपाशी येऊन बसली.

"आक्का, दृष्टच लागलीय बघा. तुमचा हात चांगला. लहानपणी ह्यांची तुम्हीच काढायचात ना? तुम्हीच काढा गाडीची."

मंगलच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

माणसाची दृष्ट एका जागी उभं राहून काढता येते. ह्या तिसऱ्या जावेभोवती प्रदक्षिणाच घालावी लागायची. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. दुसऱ्या हातात पत्रावळीवर भाकरीचा तुकडा, दहीभाताचा मुटका, कुंकू लावलेलं नारळाचं भकल. मंगल पुटपुटत फिरायची, "आल्यागेल्याची, पाव्हण्यारावळ्याची, वाटंवरच्याची, शेजारणीची..." आणि "घरच्याची" म्हणायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची. तेवढं ती गिळून टाकायची. मग मिरच्या चुलीत. खाट उठला, ठसका लागला तर दृष्ट नव्हती. खाट उठलाच नाही तर जबर लागलेली.

खाट कधीच उठला नाही. मूठभर मिरच्या जळून कोळसा व्हायच्या आणि कुणाला साधी शिंक यायची नाही.

"बाई गं," माधवी छातीवर हात ठेवायची, "कुणाचे डोळे असतील हो असले?"

मंगल चुलीत फुंकर घालायची.

आता रीत अशी की ते पत्रावळीवरचं तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, नेऊन टाकायचं आणि मागं न बघता परत यायचं. घरच्या माणसांसाठी मंगल कितीदा गेली होती. पण ह्या गाडीसाठी? हिच्यासाठी म्हशीला पावसात उभं केलं, आणि वर हिच्या पायी तिकटीपर्यंत तंगडतोड करायची? पहिल्याच अमावास्येला गोठ्याच्या कोपऱ्यावर ती थांबली, इकडंतिकडं बघितलं, आणि सगळं पुढच्या चाकाच्या आत, अंधारात सारून दिलं. मग तेच रीत झाली.

आषाढ संपता संपता अक्कोळहून भावाचा फोन आला. नवं घर झालं होतं, वास्तुशांत होती. कुमार आपण होऊन म्हणाला, "वहिनी, आपण सगळी आपल्या गाडीनंच जाऊ."

मंगल त्या दिवशी चंद्रीची धार काढताना गाणं गुणगुणत होती. ट्रंकेतली शहापुरी साडी बाहेर आली. माहेरी फोन गेला. "व्हय, गाडीनं येतोय आम्ही. व्हय, जर्मन हाय. लई लांब हाय, दारात लावायला जागा ठेवा." गाडी कुणाची, हे काही तिनं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कुमारला आठवलं असेल. एवढा मोठा तवंदीचा घाट, न आठवून जाईल कुठं? "पुढं बसायचं, खिडकीजवळ." दुसऱ्या दिवशी साडीला इस्त्री करता करता माधवी सहज म्हणाली, "आक्का, मी पुढंच बसते हं. मला मागं बसलं की घाटात फार मळमळतं."

"बस की," मंगल म्हणाली. "मला काय, मागं पण बसता येतंय. चालता पण येतंय."

दुसऱ्या वाक्यातला चटका माधवीच्या ध्यानात आला नाही, किंवा तिनं दाखवलं नाही. मंगलला त्याचाही राग आला.

त्या अमावास्येला ती गाडीभोवती फिरली तेव्हा काहीच पुटपुटली नाही. फक्त पुढच्या दाराशी उभी राहिली आणि मनात म्हणाली, बंद पड एकदाची.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी कुमारनं बटण दाबलं, आणि गाडी बंद. समोरचे सगळे दिवे गणपतीच्या आराशीसारखे लुकलुकायला लागले आणि विझले. गाडी हूं की चूं करेना.

मंगलच्या हातातली दुधाची किटली खाली टेकली. देवा, हिला खरंच ऐकू जातंय का काय?

दुपारी बेळगावहून नागेंद्र म्हणून मेकॅनिक आला. आधी त्यानं लॅपटॉप लावला, मान हलवली, मग बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"एन्री इदु!" 'हे काय हो' असं कन्नडात ओरडून तो मराठीत आला, "साहेब, हितं हॉटेल कुणी काढलंय?"

सगळे वाकून बघायला लागले. इंजिनाच्या सांदीत भाताच्या काडाचं ऐसपैस घरटं. त्यात वाळलेल्या भाकरीचे तुकडे, कुरतडलेली नारळाची भकलं, पत्रावळीची पानं. आणि भोवतीनं वायरींचे तोडलेले तुकडे, शेवया पसरल्यासारखे.

"उंदीर," नागेंद्र म्हणाला. "जेवायला चाकापाशी मिळतंय, झोपायला वर ऊब. मग वायर न्हाय खाणार तर काय बडीशेप खाणार?"

पहिल्यांदा मंगलला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. दृष्ट नव्हती, उंदीर होते! आणि दुसऱ्या क्षणी एका भकलावरचं कुंकू तिला दिसलं. कुमारलाही दिसलं. परशराम तर सरळ बायकोच्या तोंडाकडंच बघायला लागला.

"ही दृष्टीची भाकरी," कुमार सावकाश म्हणाला. "ही हितं कशी?"

मंगलनं तोंड उघडलं.

"मीच सांगितलं होतं आक्कांना," माधवी म्हणाली. "तिकटीवर कुत्री असतात अंधारात. म्हटलं, कशाला जाता, इथंच चाकापाशी ठेवा. मला काय माहीत उंदरांचं?"

"शिकलीसवरलेली बाई तू!" कुमार तिच्यावर उखडला. "बी.कॉम. झालीस न्हवं? गाडीच्या पोटाखाली भाकरी ठेवतात व्हय?" आणि बराच वेळ बडबडत राहिला. माधवी मान खाली घालून ऐकत राहिली.

मंगलनं किटली उचलली आणि ती चंद्रीकडं गेली. धार काढायची वेळ नव्हती, तरी तिथं जाऊन बसली. माधवीला कळलं होतं तर. कधीपासनं? आणि कळून सवरून ही बोलणी खातेय, माझ्यावाटची. गाडी तिची, पुढची सीट तिची, आणि आता चांगुलपणासुद्धा तिचाच. माणसानं दुसऱ्याला जळायला तरी थोडी जागा ठेवावी की नाही!

संध्याकाळी एका ट्रकच्या पाठीवर चढून तिसरी जाऊ बेळगावला गेली. गल्लीतले हंप तिनं पहिल्यांदाच न खरडता ओलांडले.

सकाळी अक्कोळला जायला उरला कारखान्याचा माल नेणारा टेम्पो, छोटा हत्ती. कुमार चालवणार, शेजारी एक सीट, बाकीच्यांनी मागं, उघड्यावर. परशराम आहेराचं गाठोडं घेऊन आधीच मागं चढून बसला होता. कुमारनं शेजारचं दार उघडलं, सीटवरचं फडकं झटकलं आणि म्हणाला, "वहिनी, तू पुढं बस. खिडकीजवळ."

त्याला आठवत होतं की नुसतंच म्हणाला, देव जाणे. मंगल त्या सीटकडं बघत राहिली. रेक्झिन फाटलेलं, काथ्या बाहेर आलेला, ग्रीसचा वास. इतकी वर्षं मुरवलेलं लोणचं शेवटी असल्या वाटीत वाढलं गेलं. पण पुढची सीट ती पुढची सीट. ती बसली. खिडकी उघडी होती. वारं छान लागत होतं.

मागं माधवी निऱ्या वर खोचून फाळक्यावर चढायला बघत होती. एक पाय वर, एक खाली. तोंडात लिंबाची फोड धरली होती, घाटासाठी.

मंगल थोडा वेळ आरशात बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग खिडकीतनं डोकं काढून म्हणाली, "अगं ए, खाली उतर. ये हिकडं पुढं."

"जागा कुठं आहे, आक्का?"

"मी सरकते की. तू खिडकीला बस. माझ्या शहापुरीवर ओकलीस तर बघ मात्र."

तवंदीच्या घाटात मंगल मधे, एक गुडघा गिअरला टेकलेला, आणि कुमार दर वळणाला "वहिनी, पाय" म्हणून ओरडत होता. माधवी खिडकीबाहेर तोंड करून डोळे मिटून बसली होती. तिच्या हातातली लिंबाची फोड सुकली तशी मंगलनं पिशवीतनं दुसरी काढून दिली.

अक्कोळला मांडवाच्या दारात भावजय, जयाबाई, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी. छोटा हत्ती बघून तिचा हात हवेतच राहिला.

"ह्यातनं आलासा? आणि गाडी कुठं हाय गं? सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, मंगलची जर्मन गाडी येणार म्हणून!"

मंगलची. कुमारनं वळून वहिनीकडं बघितलं. मंगलचे कान तापले.

"दृष्ट लागली तिला," ती म्हणाली.

"आता गं बया! कुणाची?"

"कुणाची म्हंजे? माझीच."

सगळा मांडव हसला. जयाबाई म्हणाली, "ह्या बाईचं तोंड अजून तसंच हाय!" कुमार तर डोळे पुसत हसत होता.

माधवी तेवढी हसली नाही. तिनं मंगलकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "पुढच्या अमावास्येला तिकटीपर्यंत मी येईन तुमच्यासोबत."

"ये की," मंगल म्हणाली. "पण त्या टाचांच्या चपला घालून न्हाय. मागनं टकटक ऐकू आलं की माणूस वळून बघतं."

जयाबाईनं दोघींवरनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि माधवीच्या गालाला हात लावून म्हणाली, "किती गोड जाऊ मिळालीया गं तुला, मंगल!"

मंगलला परत जरासं जळल्यासारखं झालं. जरासंच. तिनं भावजयीच्या हातातला भाकरतुकडा घेतला, मांडवाबाहेर पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, छोट्या हत्तीपासून चांगला लांब तो फेकला, आणि मागं न बघता घरात शिरली.