शांत रस्त्याची मोजणी

दादापुढे तिने आयुष्यात अनेकदा हात टेकले होते, पण आजच्यासारखे कधी नाही.

तो तिच्या फाटकासमोर घडीच्या स्टुलावर बसला होता. कानामागे पेन्सिल, मांडीवर फळी, फळीवर तक्ता, आणि समोर डांबरी रस्त्यावर खडूने मारलेली एक आडवी रेघ. रेघेपलीकडे उतार, उताराखाली नदी. दादा सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात करून निवृत्त झाला होता, आणि निवृत्त झाल्यावर मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आता सायकलचे रस्ते मोजत होता. त्याच्या सायकल मंडळाची एक पुस्तिका निघणार होती: नदीच्या खोऱ्यातले निवांत रस्ते. एकूण नऊ. प्रत्येक रस्त्याचा चढ किती, खड्डे किती, पाणी कुठे मिळतं, कुत्री कुठे भुंकतात आणि कुठे नुसती बघतात, सगळं त्याने स्वतः पायडल मारून लिहून काढलं होतं.

सातवा रस्ता तिचा. म्हणजे तिच्या दारावरून जाणारा. खालच्या पुलापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत जायला सायकलवाल्याला दीड दिवस लागतो, आणि त्या दीड दिवसात रात्री अंग टाकायला एकच ठिकाण आहे, ते म्हणजे तिचं चार खोल्यांचं विश्रामघर. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती ते एकटीच चालवत होती. चालवत होती म्हणजे चादरी धूत होती, खिडक्या पुसत होती आणि वाट बघत होती. मुलाने आता स्पष्टच सांगितलं होतं, आई, महिनाअखेर कुलूप लाव आणि आमच्याकडे ये. त्याच्या घरी तिच्यासाठी ठरलेली खोली तिने पाहिली होती. तिची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडायची. पुस्तिकेत रस्ता आला तर माणसं येतील, माणसं आली तर कुलूप लागणार नाही, एवढा साधा हिशेब होता.

पण दादाच्या मंडळाचा नियम होता. दिवसाउजेडी एक तास मोजायचा. त्या तासात दहापर्यंत वाहनं गेली तर रस्ता शांत. अकरावं गेलं की रस्ता बाद.

"दादा, तू माझा सख्खा भाऊ आहेस ना रे?" तिने सकाळी विचारलं होतं.

"म्हणूनच दोनदा तपासणार," तो म्हणाला होता.

धन्य! असा भाऊ शत्रूलासुद्धा मिळू नये.

म्हणून तिने आदल्या दिवशी गावभर फिरून प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. उद्या दहा ते अकरा मोजणी आहे, कोणी गाडी काढू नका, हात जोडते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मावशीसाठी एवढं नाही करणार?

दहा वाजून चार मिनिटांनी दुधाची गाडी गेली. ती रोजचीच. दादाने एक रेघ ओढली. त्यानंतर पंधरा मिनिटं नदीच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि तिला वाटलं, जमलं बाई. तेवढ्यात वळणावरून गिरणीवाल्याचा टेम्पो आला, रेघ ओलांडून थांबला आणि गिरणीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, सांगायला आलो. आज मी टेम्पो अजिबात काढणार नाही. निर्धास्त राहा."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मग हा काय आहे? पलंग आहे?"

"हा फक्त सांगण्यापुरता," गिरणीवाला म्हणाला. मग त्याने टेम्पो वळवला आणि तो परत गेला. दादाने दोन रेघा ओढल्या.

"दोन कशाला? टेम्पो एकच!"

"जाताना एक, येताना एक. रस्त्याला टेम्पोची ओळख नसते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दादाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मग सुतार मोटारसायकलवरून आला, कारण उन्हात बसलेल्या दादांना छत्री द्यावी असं त्याच्या बायकोला वाटलं. चार आणि पाच. मग गुरांची डॉक्टरीणबाई जीप घेऊन आली. किती झाली हे विचारायला! तिचा म्हणे घरी जीव टांगणीला लागला होता.

"पाच होती," ती किंचाळली, "आता सहा झाली! आणि तुम्ही परत गेलात की सात!"

"अगं बाई, मग मी इथेच थांबते."

"थांबा!"

"पण गाय अडली आहे गं तिकडे."

गाय अडली म्हटल्यावर काय बोलणार? सात. तेवढ्यात शाळेची रिकामी बस. ड्रायव्हर खास निरोप द्यायला आला होता की आज तो बस पलीकडच्या रस्त्याने नेणार आहे. आठ. नऊ. ती आता रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हात हलवत होती, आणि माणसांना वाटत होतं की मावशी बोलावते आहे.

अकराला दहा मिनिटं कमी असताना पोस्टमन मोटारसायकलवर धापा टाकत आला.

"मावशी, घोळ झाला. ट्रॅक्टरवाल्याला निरोपच नाही. तो अकराच्या आत निघणार म्हणे."

"उतर," ती म्हणाली. "उतर आधी. किल्ली दे इकडे. अकरा वाजेपर्यंत हललास तर बघ."

पोस्टमन निमूटपणे पायरीवर बसला. दहा झाली होती. बरोब्बर दहा! आता एक पाखरू वळणावरून यायला नको होतं. तिने अंगणातली मोपेड काढली, किक मारली आणि सुसाट सुटली. मागून दादा काहीतरी ओरडला. तो कधी कामाचं ओरडला होता म्हणून आज ओरडेल?

ट्रॅक्टरवाला दारात बसून निवांत दाढी करत होता. ट्रॅक्टरचं एक चाक काढून ठेवलेलं होतं. "परवापासून बंद आहे," तो म्हणाला. "कोण म्हणालं मी निघणार?"

पोस्टमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती परत निघाली. पण डोकं ठिकाणावर होतं. वळणाच्या अलीकडेच तिने मोपेड बंद केली आणि चढावर ढकलत आणली. ढकललेलं वाहन मोजायचं नाही, हे दादानेच सांगितलं होतं. घामाने निथळत ती रेघेवरून पार झाली. तोवर अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती, पण तिने घड्याळ पाहिलंच नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, "ढकलत आणली. दहाच!"

दादाने चष्मा काढला. तो पुसला, परत घातला.

"आणताना ढकललीस," तो म्हणाला. "जाताना?"

ती उभ्या जागी खाली बसली. रस्त्यावरच. पोस्टमन पायरीवरून उठून तिच्याजवळ आला.

"लिही," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "लिही अकरा. बहिणीचं घर बंद झालं तरी चालेल, तुझा तक्ता चुकायला नको. लहानपणी माझी उंचीसुद्धा तूच मोजायचास आणि एक बोट कमीच सांगायचास. लिही!"

दादाने लिहिलं. मग तक्त्याचं पान उलटलं आणि मागचे नियम बोटाने वाचू लागला.

"नियम सहा. मोजणीच्या कारणाने आलेली वाहनं दोनाहून जास्त असतील, तर मोजणी रद्द. नव्याने घ्यावी."

तिने मान वर केली. "हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"मीच लिहिलाय."

"मग मघाशीच का नाही बोललास?"

"तास पूर्ण झाल्याशिवाय मोजणी रद्द कशी करणार, चिमे?"

तिने आजूबाजूला काठी शोधली. मिळाली नाही, ते बरंच झालं. पाचच्या आत कागद छापखान्यात पोचवायचे होते, आणि तिथवर सायकलने अडीच तास. म्हणजे आणखी एका तासाला वेळ होता. तिने पोस्टमनला पायी गावात पिटाळलं. जो इकडे फिरकेल त्याच्याशी मी जन्मात बोलणार नाही, असं सांग म्हणाली.

साडेअकराला दादाने घड्याळ लावलं. ती त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर बसली, दात आवळून, नजर वळणावर ठेवून. दहा मिनिटं गेली. काही नाही. वीस गेली. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू येऊ लागलं. अर्धा तास झाला तेव्हा तिने दादाला कोपराने ढोसलं, आणि दादासुद्धा ओठातल्या ओठात हसला.

चाळीस मिनिटांनंतर मात्र ती हसेनाशी झाली.

नदी वाहत होती, ऊन सरकत होतं, आणि रस्ता तसाच्या तसा पडला होता. बारा वर्षांपूर्वी पलीकडचा मोठा रस्ता झाला. तेव्हापासून या वळणावरून कोणाला यायचंच नव्हतं. सकाळची ती माणसंही रस्त्यासाठी आली नव्हती, तिच्यासाठी आली होती. अकरा वर्षं ती खिडक्या पुसत होती ती याच रस्त्याकडे बघत. आतून चादरींच्या घड्या घालत होती म्हणून बरं, असा सबंध तास टक लावून बसली असती तर कधीच कुलूप लावलं असतं. तिला स्वतःची एवढी कीव आली की डोळे भरून आले.

"साडेबारा," दादा म्हणाला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "शून्य! चिमे, नऊ रस्त्यांत एकही शून्य नव्हता. आपला पहिला येणार. अगं, रडतेस काय? एकसुद्धा नाही आलं!"

"तेच तर," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही आलं रे, दादा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. त्याने तक्ता तिच्या मांडीवर ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्याने स्वतःचा तक्ता कोणाला लिहू दिला नव्हता.

तिने पदराने नाक पुसलं आणि रकान्यात मोठ्ठं शून्य काढलं. मग त्याच्याखाली, जिथे नियमाप्रमाणे काहीही लिहायचं नसतं तिथे, एकेक अक्षर दाबून लिहिलं: चार खोल्या, गरम पाणी, कधीही या.