सर्वणचा पंच

"ताई, उजेड हाय तोवर घाट चढाय पायजे," महेश घाई करत होता. टेम्पोत गादी घालून तो कोल्हापूरहून गोव्यातल्या सर्वण गावी थोरल्या भावाला, आनंदाला, न्यायला आला होता. आनंदाचा कर्करोग आता बरा होणारा नव्हता. घरी येऊन अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या पथकात सेजल समाजसेविका होती.

"त्यांना विचारलंत?" तिने विचारलं.

"त्यात काय इचारायचं? शेवटी मानूस आपल्या गावातच पायजे."

"त्यांना विचारल्याशिवाय आम्ही काहीच ठरवत नाही. जरा मला त्यांच्याशी एकांतात बोलू द्या."

आनंदाची बायको मंगल दिराला चहाला घेऊन बाहेर गेली. सेजल खाटेजवळ बसली.

"आनंदादादा, गावी जायचंय?"

 तो म्हणाला, "पोरवयात डिचोलीच्या कारखान्यात आलो. गावात आता मला कोण वळखतंय? उद्या हितं व्हॉलीबॉलची फायनल हाय. सर्वणात शिट्टी मीच वाजवतो, ताई!" त्याचे डोळे चमकले. "पन भावाला वाईट वाटंल."

"मी सांगू त्यांना?"

"नगं. तुमी शेजारी बसा नुसतं. मी सांगतो."

ऐकून महेश भडकला. "मग आईला काय सांगू?"

"तिलाच हिकडं आन की."

महेश तणतणत अंगणात गेला. थोड्या वेळाने दारातून डोकावला. "किती वाजता हाय म्याच?"

 सेजलने डॉक्टरांना फोन लावला, वेदनेच्या औषधाची वेळ ठरवून घेतली, मंगलला सगळं नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी महेशने टेम्पो थेट नेटला लावला. उशांना टेकून आनंदा उंचावर बसला आणि मैदानभर आरोळी उठली, "वाजय रे आनंदा!"

शेवटच्या सेटला गुण बरोबरीत. सर्वणच्या संघातल्या शंभूने जोरदार स्मॅश मारला. चेंडू रेषेवर की बाहेर? सगळ्यांच्या नजरा टेम्पोकडे वळल्या. मग कर्कश शिट्टी! आनंदाने हात वर केले. बाहेर!

शंभू धावत आला. "अरे, तू आमच्याच गावचो मरे!"

"म्हनूनच सांगतो. भाईर म्हंजे भाईर!"

पुढचाही गुण गेला, सर्वण हरलं. तरी पोरांनी टेम्पोभोवती गराडा घातला. ओरडून ओरडून सेजलचा आवाज घोगरा झाला होता. शेजारी महेश अनोळखी माणसांना सांगत सुटला होता, "माजा भाऊ हाय त्यो!"

सोमवारी महेश आईला घेऊन आला. आनंदा सर्वण सोडून कुठेच गेला नाही.