उन्हातली बांग

“आत्ताच कशी बांग? अजून ढोरं घरी नाई आली!” गौहर पिठाचे हात घेऊन चुलीपासून उठली आणि खोलीत पाहते तो काय, खाट रिकामी. आवाज नवऱ्याचाच होता.

मुकुटबनच्या मशिदीत गफ्फारमियां तीस वर्षं बांग देत होते. गेल्या वर्षापासून मात्र त्यांना घर सापडेना, जेवल्याची आठवण राहीना. एकदा तर बायकोलाच विचारलं, “बाई, तू कोण?” गौहरनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. दिवसातून पाच वेळा, पाण्याचा लोटा देण्याच्या निमित्तानं, ती त्यांना मशिदीच्या दारापर्यंत सोडायची. बांगेला उभे राहिले की माणूस अगदी पहिल्यासारखा व्हायचा. एक शब्द चुकत नसे. लोकांना कळलं आणि तेवढंही काढून घेतलं, तर या माणसाचं उरणार काय? ही भीती तिला आतून पोखरत होती.

त्या साली रमजान ऐन वैशाखात आलेला. संध्याकाळच्या आधीच वादळानं आभाळ काळं केलं, आणि तहानलेल्या गावानं बांग ऐकून रोजा सोडला. गौहर धावत पोहोचेपर्यंत ढग पांगले होते. मशिदीच्या भिंतीवर लख्ख ऊन!

“चाचा, काय केलं हे? साऱ्या गावाचा रोजा मोडला ना!” मशिदीचा कारभार पाहणारा कय्युम दारात ओरडत होता. भोवती माणसं जमलेली. गफ्फारमियां खजुरांची वाटी छातीशी धरून भेदरून उभे होते.

गौहर पुढे झाली. “त्यायले कायले बोलता, कय्युमभाई? मीनंच सांगतलं, दिवस बुडाला म्हणून. माह्याच डोयायले दिसत नाई.”

रोजात असं धडधडीत खोटं! अल्ला, माफ कर, ती मनात म्हणाली.

कय्युम वरमला. “तुमी बी ना, चाची...”

निभावलं एकदाचं, असं तिला वाटलं, तोच गफ्फारमियां पुढे आले.

“कय्युम, ह्या बाईवर काहून ओरडून राह्यला? कोणाच्या घरची हाये कोण जाणे. उपाशी दिसते बिचारी.” त्यांनी तिच्या पीठ लागलेल्या हातावर एक खजूर ठेवला. “घे बाई. बांग झाली. रोजा सोड.”

कय्युमनं मान खाली घातली. आता लपवायला काहीच उरलं नव्हतं.

गौहरनं एकवार सूर्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला, “बिस्मिल्ला” म्हणाली आणि खजूर तोंडात टाकला.