दगड वाजवणारा दशरथ

मुलुंडच्या त्या जुन्या बंगल्याचं छप्पर कौलांचं नाही, पाटीच्या दगडाचं आहे. लहानपणी ज्यावर अक्षरं गिरवली तोच काळा दगड, पातळ चिरून लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेला. पट्ट्या सडल्या म्हणून आम्ही सगळे दगड उतरवले होते. चांगले परत चढवायचे, फुटके टाकून द्यायचे. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. बोटाच्या पेरानं वाजवून बघावं लागतं. चांगला टणटणतो, आत चीर असलेला बद्द वाजतो.

दगड दशरथ निवडतो, खिळे मी ठोकतो. मी राजाराम. भांडुपला आम्ही शेजारी राहतो आणि तीस वर्षं जोडीनं काम करतोय. दगडातलं कळावं ते दशरथलाच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो.

त्या सकाळी मी त्याला दोनदा हाक मारली, गड्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. माझं डोकं फिरलं. तो दगड वाजवत असताना मी समोर बसून खिळ्यांची भोकं साफ करतो. त्या दिवशी मुद्दाम पाठ करून बसलो आणि जेवणापर्यंत एक शब्द बोललो नाही.

जेवून वर चढलो. पहिलाच दगड ठोकताना बद्द वाजला. दुसरा ठीक होता, तिसरा पुन्हा बद्द. खाली येऊन चांगल्यांचा सगळा ढीग वाजवून पाहिला, तर आणखी अकरा फुटके निघाले. ते चढले असते तर बंगल्यात पाणी आलं असतं आणि दशरथचं तीस वर्षांचं नाव गेलं असतं.

"कान फुटले काय रे तुझे?" मी त्याच्यासमोर जाऊन ओरडलो.

"फुटले," तो शांतपणे म्हणाला. "दोन वर्सां झाली. लांबचो, बारीक आवाज ऐकाकच येना नाय. दगड वाजवतंय आणि तुझ्या तोंडाकडे बघतंय. फुटको असलो काय तुझा तोंड वाकडा होता. आज तू पाठ केलंस."

दोन वर्षं माझ्या कपाळावरची आठी त्याला दिसत होती, आणि त्याचे कान गेलेले मला कळले नव्हते. लाज वाटली मला, खरं सांगतो.

"उद्यापासून मी येवचंय नाय," तो म्हणाला.

"गप रव. दोन वर्सांत एक तरी छप्पर गळला?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी त्याच्यासमोर बसकण मारली. त्यानं एक दगड उचलला, वाजवला आणि उघडपणे माझ्याकडे पाहिलं. मी तोंड वाकडं केलं. त्यानं तो फुटक्यांत टाकला.