खाऱ्या पाण्यातली अत्तराची कुपी

नाकाशी धरून बघू नका, वास यायचा नाही. मी अत्तराची कुपी खरी, पण माझ्या पोटात आता वाळू आहे आणि तोंडाला लाख. अत्तर चार दिवसांत उडालं. खाऱ्या पाण्यातली नोकरी मात्र जन्माला पुरली.

हैदराबादेतल्या एका दुकानात मी हिना भरून ऐटीत बसले होते. धाराशिवच्या निजामी कचेरीतल्या पेशकार साहेबांनी मला बेगमसाठी घेतलं. साहेब मोठे हौशी. पुढे मुंबईला गेले तेव्हा त्यांनी काचेची मोठी पेटी, समुद्राच्या पाण्याची लाकडी पिंपं आणि पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा आणला. येडशी स्टेशनापासून हा सगळा समुद्र बैलगाडीतून धाराशिवला आला. माशाचं नाव साहेबांनीच ठेवलं, पट्टेवाला. कचेरीतल्या पट्टेवाल्यांना ते झोंबायचं, पण साहेबांपुढे बोलणार कोण?

साहेबांची हौस आणण्यापुरती होती. निगा राखायची ती झुबेदा बेगमनी. त्यांनीच मला कामाला जुंपलं. मी पाण्यात उभी तरंगेन इतकी वाळू माझ्या पोटात घातली, तोंड लाखेने बंद केलं, ताज्या समुद्राच्या पाण्यात सोडलं आणि पाणी जिथे टेकलं तिथे लाल रेघ ओढली. पाणी आटलं की उरलेलं जास्त खारट होतं आणि मी वर उचलली जाते, रेघ पाण्याबाहेर येते. मग बेगम साठवलेलं पावसाचं पाणी घालत, रेघ पुन्हा पाण्याला टेकेपर्यंत. काचेवरचं शेवाळ वाळलेल्या घोसाळ्याने घासायचं, साबण जवळही आणायचा नाही. गढूळ पाणी जुन्या मलमलीतून गाळायचं. आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून पेटीवर भोकाचं मडकं टांगलेलं असे. त्यात पेटीतलंच पाणी ओतायचं आणि ते थेंबथेंब खाली पडायचं. एवढं केलं की पट्टेवाला खूश.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला आणि गावाचं पाणीच फिरलं. रझाकारांच्या भीतीने लोक दारं लावून घरात बसू लागले. कापडवाले वीरभद्र यांनी दुकानावर तिरंगा लावला, म्हणून त्यांना जेलात टाकलं. त्यांची बायको शिवकांता बेगमना लुगडी दाखवायला नेहमी येत असे. त्या दिवशी ती रिकाम्या हातांनी आली.

"बेगमसाहेब, साहेबांच्या कानावर घाला की. आमच्या मालकांनी कुणाला मारलं न्हाय. नुसता झेंडा लावला."

बेगमचे डोळे भरून आले. "घालते. पण साहेब मला परंड्याला माहेरी धाडतायत. माझा पट्टेवाला तुमच्याकडं अमानत म्हणून ठेवा. त्याला जगवा, तुमच्या माणसाची फिकीर माझ्यावर सोडा."

झालं. त्या दिवसापासून शिवकांताच्या मनाने घेतलं, मासा जगला तर नवरा जगेल. तिची सासू चन्नम्मा आधी उखडलीच. "लिंगायताच्या घरात मासळी? शिव शिव!" पण पेटीचं कारण कळल्यावर तीच कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून पाण्यात सोडू लागली.

शिवकांता रोज माझ्याकडे बघायची. मी रेघेवर असले की तिचा जीव भांड्यात पडायचा. खरं सांगते, माझा भाव फार वाढला होता. तेवढ्यात घाईगर्दीत टांगलेलं मडकं फुटलं. कुंभार गाव सोडून गेलेला. पेटीतला मासा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागला.

चन्नम्मा देवघरात गेली आणि पिंडीवरची तांब्याची गळती काढून घेऊन आली. अभिषेकाची धार धरणारं ते भांडं.

"अव्वा, देवाच्या भांड्यात माशाचं पाणी?" शिवकांता दचकली.

"माझा वीरभद्र सुटला की महादेवाची मी समजूत घालीन. तू टांग."

गळती टांगली. थेंब छान पडू लागले. मासा सावरला आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पण थोड्याच दिवसांत त्याचा रंग उतरला, तो तिरका पोहू लागला आणि शेवटी तळाशी आडवा झाला. कल्ले तेवढे हलत होते.

शिवकांताने मला बघितलं. मी अगदी रेघेवर! ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, माझ्या भरवशावर राहू नकोस, मला खार कळतो, बाकी काही कळत नाही. पण लाखेने बंद केलेलं तोंड ते, बोलणार कसं?

"सगळं तर ठीक हाय, मग असं का करतोय ह्यो?" ती रडू लागली. "अव्वा, ह्यो गेला तर हे पण..."

"अभद्र बोलू नगं!" चन्नम्मा म्हणाली आणि गळती उतरवायला उठली. हात आत घातला नि थांबली. भांड्याच्या आत हिरवट निळा थर चढला होता. तिने बोट फिरवून वास घेतला. "आगं, हे कळकलंय! तांब्यात ताक ठेवलं तर आपण पोरांना देत न्हाय आणि ह्या मुक्या जिवाला..."

मग दोघींची धावपळ उडाली. मुंबईहून आता काहीच येत नव्हतं, सरहद्दीवर नाकाबंदी होती. बेगमनी चिनी मातीच्या बरणीत ठेवलेलं समुद्राचं पाणी, तेवढंच काय ते हाताशी. निम्मं कळकलेलं पाणी काढलं, बरणी रिती केली. खापराच्या परातीला भोक पाडून ती वर टांगली. दोघी पेटीशी बसून राहिल्या, चूल पेटली नाही. मीही अंग आखडून उभी. मासा एकदा शेपटी हलवायचा, पुन्हा पडायचा. किती वेळ गेला कोण जाणे, तो एकदाचा सरळ झाला आणि कणकेच्या गोळीकडे वळला. चन्नम्माने पेटीलाच हात जोडले.

सप्टेंबरात नळदुर्गाकडून हिंदी फौज आली. जेलाचे दरवाजे उघडले. वीरभद्र घरी आले, वाळून गेलेले, एक हात वर उचलत नव्हता. आणि मग एका दुपारी बेगम दारात उभ्या राहिल्या, पायी, एकट्या.

"शिवकांताबाई, साहेबांना फौजेनं धरून नेलं. तुमच्या मालकांचा शब्द आता फौजेच्या कॅम्पात चालतो म्हणतात. साहेबांनी कुणाला मारलं नाही हो."

शिवकांताने पेटीकडे बोट केलं. "तुमची अमानत जिती हाय."

ते बघून बेगम खालीच बसल्या. "मी साहेबांना काहीच बोलले नव्हते. जीभच रेटली नाही. तुम्ही मात्र..."

शिवकांताचा चेहरा मी तेव्हा पाहिला. वाटलं, आता ती पेटी फोडते. तेवढ्यात आतून वीरभद्र आले. त्यांनी बेगमकडे बघितलं, मग बायकोकडे.

"ह्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला व्हता का?"

शिवकांताने परातीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहिलं.

"व्हय," शिवकांता म्हणाली. "टाकला व्हता."

वीरभद्रांनी चांगल्या हाताने रुमाल डोक्याला गुंडाळला आणि ते कॅम्पाकडे निघाले.

साहेब सुटले. बेगम मासा न्यायला आल्या नाहीत. तो इथेच राहिला, म्हातारा होऊन गेला. मी आता फडताळात कोरडी पडून असते. वीरभद्र आल्यागेल्याला आजही सांगतात, "जेलात कैक मेले, मला जिवंत ठेवलं ते बेगमसाहेबांच्या शब्दानं." शिवकांता तेव्हा मान खाली घालून सुपारी कातरत बसते. मला तिचा फार अभिमान वाटतो. तुम्ही या घरी कधी आलात, चहा घेतलात, गप्पा झाल्या, तरी एवढं पोटात ठेवा. वीरभद्रांना सांगू नका.