गेजांच्या अंगणातलं कुंड

नॉर्विचहून आलेल्या जाणकाराने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाभोवती फेरी मारली, बॅटरीच्या उजेडात तळ पाहिला आणि गोड आवाजात सांगून टाकलं, "सुरेख आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नक्कल. पण कारागिराचा हात चांगला होता हं."

हेस्टर थर्केलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिटल फेन्शॅमच्या चर्चची ती कारभारीण. मनोऱ्यातल्या घुबडांपासून वेदीवरच्या फुलांपर्यंत सगळं तिच्या हुकमात. हे कुंड आठशे वर्षांचं आहे आणि थर्केलांचं प्रत्येक पोर यातच न्हालं आहे, हे ती आल्यागेल्याला ऐकवत आली होती.

"मग जुनं कुठे गेलं?" तिने असं विचारलं, की जणू यानेच ते पळवलं होतं.

"तेव्हाचे पाद्री डागडुजीची हौस आली की जुनं काढून नवं बसवायचे. जुनं पुरायचे, नाहीतर कुणी उचलून न्यायचं." एवढं बोलून त्याने चहा घेतला, केक खाल्ला आणि तो निघून गेला. लोकांच्या घरात काडी टाकून शांतपणे केक खाणारी माणसं हेस्टरला कधीच आवडली नव्हती.

खरी अडचण होती रविवारची. हेस्टरची मुलगी ब्रायनी लेस्टरहून बाळाला घेऊन यायची होती, बाप्तिस्म्यासाठी. ब्रायनीचा देवावर विश्वास नव्हता, आणि तसं ती तोंडावर सांगायची. ती कबूल झाली होती एकाच गोष्टीसाठी. "आई, तुझ्या देवाचं मला काही नाही. पण आठशे वर्षं आपली माणसं एकाच दगडाशी उभी राहिली, हे मला आवडतं. तेवढ्यासाठी आणीन बाळाला." आता तो दगडच खोटा निघाला. हेस्टर खोटं बोलू शकली असती. पण खोटं बोलायचं म्हटलं की तिची मान लाल व्हायची, आणि ब्रायनीला ते लहानपणापासून ठाऊक होतं. फोनवर तिने सगळं सांगितलं.

"मग आता कशाला यायचं?" ब्रायनी म्हणाली.

"मी खरं शोधून काढते!"

"आई, रविवारपर्यंत?"

"तू बाळाचे कपडे इस्त्री कर!" हेस्टरने फोन आपटला.

पाद्रीबाई जोसलिन यांच्याकडे सहा गावं होती आणि एक सतत बंद पडणारी गाडी. "हेस्टर, पाणी कुठलंही चालतं हो. भांडं चालतं, ओढा चालतो," त्या म्हणाल्या. "पण जुनं कुंड सापडलं, तरी ते चर्चमध्ये परत बसवायचं तर परवानगी लागेल. समिती बसेल. निदान दोन वर्षं धरा."

"बाहेर काढायला समिती बसली होती का?"

"तेव्हा समित्या नव्हत्या."

"सुखी होते लोक," हेस्टर म्हणाली आणि गाव पालथं घालायला निघाली.

गावाने तिचा जीव खाल्ला. जिथे जावं तिथे एकच उत्तर. "क्रॉमवेलच्या शिपायांनी फोडलं असणार!" जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी या सेनापतीची माणसं चर्चमधल्या मूर्ती फोडत फिरली होती, तेव्हापासून काहीही मोडलं की तोच. छताच्या लाकडी देवदूतांची नाकं गेली, क्रॉमवेल. काचा गेल्या, क्रॉमवेल. गेल्या वर्षी फाटकाची बिजागरी गेली, तरी दारूच्या गुत्त्यातल्या एकाने क्रॉमवेलचंच नाव घेतलं होतं.

"अरे, क्रॉमवेल मेल्यावर दोनशे वर्षांनी काढलंय ते!" हेस्टर कळवळून ओरडली.

"त्याची माणसं मागे राहिली असतील," गुत्तेवाला शांतपणे म्हणाला.

शेवटी एकच घर उरलं. चर्चच्या भिंतीला लागून असलेलं गेजांचं. ऑब्री गेजशी हेस्टरचं हयातभराचं वैर. त्याच्या गाई भिंत ओलांडून कबरींवरचं गवत खायच्या आणि तो म्हणायचा, फुकट कापून मिळतंय, आभार माना. त्याच्या दाराशी जाणं म्हणजे तिला नाक घासण्यासारखं वाटत होतं. पण शनिवार उजाडला होता.

ऑब्री अंगणात काठीला टेकून उभा होता. तिने विचारलं. त्याने क्रॉमवेलचं नाव घेतलं नाही. नुसती काठी उचलून गोठ्याकडे रोखली.

तिथे एक वासरी दगडी डोणीत तोंड घालून पाणी पीत होती. डोणीच्या कडेला शेवाळ, शेणाचे शिंतोडे, आणि त्यांच्याखाली एकात एक गुंतलेल्या कमानींची नक्षी.

"गाईंना पाणी पाजतोस यात?" हेस्टरचा आवाज चिरकला. "बाप्तिस्म्याच्या कुंडात?"

"पुरायला सांगितलं होतं पाद्रीनं. पणजोबा म्हणाला, चांगला दगड मातीत कशाला घालायचा? आणला गाडीत घालून."

"आणि सगळ्या गावापासून लपवलंस!"

"लपवलं कुठे? अंगणात आहे. तुम्ही लोक अंगणात येता ते भांडायला. खाली बघतं कोण?" ऑब्रीने नाक शिंकरलं. "आणि टाकलं नव्हतं आम्ही. गेजांचं पोर आधी तुमच्या नव्या कुंडात जातं, मग घरी येताना इथलं चार थेंब पाणी लावतो. न जाणो, तुमचं लागू पडलं नसलं तर?"

हेस्टरने तोंड उघडलं. राग इतका होता, की कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न.

"तुलाही इथंच लावलंय," ऑब्री म्हणाला.

"काय?"

"तुझी आई आमच्याकडे धारा काढायची. त्या मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात रस्ते बंद, पाद्री येईना, आणि तिला गोठ्यातच कळा आल्या. तू निळी पडलेली. श्वास नाही. माझ्या आजीनं टाचेनं बर्फ फोडला, डोणीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिथल्या तिथं तुझा बाप्तिस्मा केला. मरताना तरी नाव असावं म्हणून. हेस्टर हे नाव आजीचंच. बर्फ वितळल्यावर आईनं तुला चर्चमध्ये नेलं ते फक्त दाखवायला. जीव जात असला की कुणीही केलेला बाप्तिस्मा चालतो, आणि एकदा झालेला पुन्हा करत नाहीत, तुला मी सांगायला नको."

"आईने मला कधीच..."

"गाईच्या डोणीत झाला, लाज वाटायची तिला. आजीकडून शब्द घेतला. आजीनं पाळला. मी दिला नव्हता, पण तू कधी नीट विचारलंस का काही? आल्या आल्या तोंड सुटतं तुझं."

हेस्टर डोणीजवळ गेली. वासरीला ढकलून तिने पाण्यात हात घातला. पाणी बोचरं गार होतं. तिला रडू येत होतं, आणि गेजसमोर रडू येतंय याचा वेगळा संताप येत होता.

"उद्या अकरा वाजता," ती म्हणाली. "पाद्रीबाई इथे येतील. ब्रायनी, बाळ, सगळे. गाई पलीकडे बांध. आणि हे शेण! ऑब्री गेज, शरम वाटत नाही? इतकी वर्षं एकदा तरी घासावंस की नाही? ब्रश कुठाय? ब्रश आण म्हणते ना!"

ऑब्री हलला नाही. पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघून हसत होता.

"आजी सांगायची," तो म्हणाला, "पाणी लागलं मात्र, त्या पोरीनं अशी बोंब ठोकली की गाय दावं तोडून पळाली. तेव्हाच आजी म्हणाली, ही जगते. ओरड बाई, ओरड. मी ब्रश आणतो."